घड्याळ लष्करी नाही, म्हणून काय झालं?

३७ मिलिमीटरचं घड्याळ पुरुषाच्या मनगटावर शोभत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. सीकोच्या ‘एसएनके ८०९’चा विषय निघाला की हे वाक्य पहिलं येतं. पाठोपाठ दुसरं: त्याला हातानं चावी देता येत नाही. तिसरं: वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. चौथं: पाण्यापावसात चालत नाही. मग खटला जिंकल्याच्या थाटात शेवटचा सवाल: अशा घड्याळाला लष्करी कशाला म्हणायचं?

या शेवटच्या सवालाचं उत्तर मी लगेच देऊन टाकतो. म्हणू नये. विषय मिटला. पण हा शब्द काढून घेतला की टीकाकारांच्या हातात काय उरतं ते जरा तपासू. कारण बाकीचे बहुतेक आक्षेप याच शब्दाला टेकून उभे आहेत, आणि ज्या लष्कराच्या नावानं ते घेतले जातात त्या लष्कराच्या घड्याळांशी आक्षेप घेणाऱ्यांची ओळख बेताचीच दिसते.

ज्यांनी हे घड्याळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीलची मंद, न चमकणारी केस, जाडी ११ मिलिमीटरच्या आसपास, काळी तबकडी, १८ मिलिमीटरचा कापडी पट्टा. तबकडीवर बाहेरच्या कड्यात मिनिटांचे मोठे आकडे, आत लहान वर्तुळात तासांचे. तीनच्या जागी वार आणि तारीख. चावी नेहमीच्या जागी नाही, चारच्या बाजूला केसमध्ये दबलेली. मागच्या बाजूला काच, तिच्यातून आतलं यंत्र दिसतं. काळं ते ८०९, बदामी ८०३, हिरवं ८०५, निळं ८०७. आत ७एस२६ नावाचं २१ ज्वेलचं ऑटोमॅटिक यंत्र, जे सीकोनं १९९६पासून लाखो घड्याळांत बसवलं. आणि किंमत? कित्येक वर्षं शंभर डॉलरच्या आत. सगळी चर्चा याच आकड्यामुळे चालू झाली, आणि टीका करताना नेमका हाच आकडा विसरला जातो.

आता आकाराकडे येऊ. ज्यांना ३७ मिलिमीटर म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांनी दुसऱ्या महायुद्धातली घड्याळं एकदा मोजून पाहावीत. अमेरिकी हवाई दलासाठी एल्गिन, वॉल्थम आणि बुलोव्हा यांनी बनवलेलं ए-११ हे घड्याळ ३२ मिलिमीटरच्या जवळपास होतं. ब्रिटिशांनी १९४५मध्ये बारा स्विस कारखान्यांकडून घेतलेली, आज ‘डर्टी डझन’ म्हणून संग्राहकांच्या जिवाला लागलेली घड्याळं साधारण ३५ ते ३८ मिलिमीटरची. ओमेगा, लाँजिन, आयडब्ल्यूसी, जॅजे-लेकुल्त्र ही सगळी बडी नावं त्यात आहेत. आपल्या एचएमटीचं ‘जवान’ घ्या: चोवीस तासांचे आकडे, १७ ज्वेल, हातानं चावी द्यायची, आणि व्यास पुन्हा ३५च्या घरात. मुंबईत पाय रोवून बसलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची ‘सोवार’ घड्याळं ब्रिटिश हिंदी फौजेतल्या शिपायांत चालायची. तीही आजच्या मॉलमधल्या घड्याळांशेजारी ठेवली तर नाजूकच दिसतील. ही घड्याळं बांधणाऱ्या शिपायांच्या मर्दानगीत काही उणं होतं असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मग मोठ्या घड्याळांचा हा दरारा आला कुठून? बराचसा गेल्या तीसेक वर्षांतला आहे. पानेराई हे इटालियन आरमाराच्या पाणबुड्या सैनिकांसाठी ४७ मिलिमीटरची घड्याळं बनवणारं घराणं. १९९६च्या ‘डेलाइट’ या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात त्यांचं घड्याळ दिसलं. पुढच्याच वर्षी एका मोठ्या समूहानं कंपनी विकत घेतली आणि मनगटावर बशी मिरवायची फॅशन सुरू झाली. पाण्याखाली काळोखात, जाड रबरी पोशाखावरून वाचायला केलेलं माप ऑफिसच्या शर्टाच्या कफमध्ये कोंबायचं आणि वर लहान घड्याळ घालणाऱ्याला हसायचं, हा प्रकार मला तरी जास्त विनोदी वाटतो.

आणि मनगटावर घड्याळ कसं बसेल हे नुसत्या व्यासावरून कळतच नाही. वरच्या पट्ट्याच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी पाहावी लागते. ८०९मध्ये ती ४३ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे बारीक मनगटावरही ते दोन्हीकडून लोंबत नाही आणि जाड मनगटावर अगदीच टिकली होत नाही. दुकानात काचेखालचं घड्याळ लांबून पाहून ‘छोटं आहे’ म्हणणाऱ्यानं ते एकदा हातात बांधून पाहावं. निम्मे तरी मत बदलतील असा माझा अंदाज आहे. उरलेल्यांना मोठंच आवडत असेल तर खुशाल घालावं. आवड ही आवड असते, पण तिला इतिहासाचा आधार आहे अशी बतावणी नको.

खरी गंमत तबकडीत आहे आणि ती टीकाकारांच्या ध्यानात आलेली नाही. बाहेर मिनिटं, आत तास ही मांडणी पायदळाची नव्हेच. ती १९४१ सालच्या जर्मन हवाई दलाच्या निरीक्षक-घड्याळांची, ज्यांना ‘बाउमुस्टर बी’ म्हणतात त्यांची. विमानातल्या दिशादर्शकाला तास कितवा चालू आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसे. मिनिटं आणि सेकंद मोजून किती अंतर कापलं याचा हिशेब लावायचा, म्हणून मिनिटांचे आकडे मोठे. त्या घड्याळाचा व्यास ५५ मिलिमीटर होता, कारण ते विमानात घालायच्या जाड जाकिटावरून बांधायचं. म्हणजे ज्याला ‘फील्ड वॉच’, म्हणजे पायदळी सैनिकाचं घड्याळ, म्हणून विकलं आणि ‘फील्ड वॉच’ म्हणून हिणवलं, त्याचा चेहरा मुळात आकाशातला आहे आणि देह त्या चेहऱ्याच्या मूळ मालकापेक्षा १८ मिलिमीटरनं लहान. त्याचे भक्त त्याला सैनिकाचं घड्याळ म्हणतात तेव्हा तेही तितकेच चुकतात. सीकोनं एक वाचायला सोपी, देखणी तबकडी उचलली आणि आपल्या स्वस्त मालिकेत बसवली, इतकाच हा मामला. त्यात फसवणूक काय? तबकडीवर कुठल्या सैन्याचं चिन्ह नाही, मागे कुठला खोटा क्रमांक कोरलेला नाही. खोटी लष्करी निशाणी छापून दुप्पट दर लावणारी घड्याळं बाजारात पैशाला पासरी मिळतात. रागवायचं तर त्यांच्यावर रागवावं.

सेकंदकाटा थांबत नाही हा आक्षेप सगळ्यात जोरात घेतला जातो, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबला पाहिजे ही अट ए-११मध्ये होती, आणि रास्त होती. एका तुकडीतल्या सगळ्यांची घड्याळं एका सेकंदावर जुळली नाहीत तर तोफा डागण्याची वेळ आणि माणसं पुढे सरकण्याची वेळ चुकते, आणि चुकली तर आपलीच माणसं मरतात. तिथे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. आता विचारतो: तुम्ही कोणाबरोबर घड्याळ जुळवून कुठे चढाई करणार आहात? सात वाजून बारा मिनिटांची लोकल पकडायची आहे ना? ती स्वतःच कधी सात-पंधराला येते, आणि तुमच्या खिशात फोन आहेच. शिवाय ७एस२६च्या बाबतीत घड्याळवाल्यांना माहीत असलेली एक युक्ती आहे. वेळ लावायच्या स्थितीत चावी ओढून ती हलकेच उलट दिशेनं दाबून धरली की सेकंदकाटा जागच्या जागी थबकतो. बातम्यांचा ठोका वाजला की सोडून द्यायचं. कागदावर नसलेली सोय हातात मिळते. ती वापरणारे मात्र फार नाहीत, कारण ज्यांना हा दोष सलतो त्यातल्या बऱ्याच जणांनी घड्याळ हाताळलेलंच नसतं.

चावी देता येत नाही, या आक्षेपाला मात्र नीट उत्तर दिलं पाहिजे, कारण त्यामागची गोष्ट खरंच चांगली आहे. सीकोची ‘फाइव्ह’ मालिका १९६३ साली आली. पाचाचा अर्थ पाच वचनं: ऑटोमॅटिक असेल, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसतील, पाण्याला तोंड देईल, चावी चारच्या बाजूला दबलेली असेल, आणि केस-पट्टा टिकाऊ असेल. यातलं चौथं वचन लक्ष देऊन वाचा. चावी आत दबवता आली, कारण ती रोज फिरवायची गरजच ठेवली नव्हती. मनगट हललं की आतला अर्धवर्तुळाकार लोलक फिरतो. त्याला जोडलेली दोन नखांची एक लहानशी पट्टी, जिला सीको ‘मॅजिक लिव्हर’ म्हणते आणि जी त्यांनी १९५९मध्ये आणली, लोलक डावीकडे फिरो की उजवीकडे, स्प्रिंग भरत राहते. एक नख ढकलतं, दुसरं ओढतं. इतर कारखाने याच कामासाठी दातेरी चाकांची रांग लावत होते, तिथे यांनी एका पट्टीत भागवलं. भाग कमी, खर्च कमी, बिघडायला जागा कमी. घड्याळ दोन दिवस कपाटात पडून थांबलं तर उचलून दहा-वीस वेळा हलवा, चालू होतं. पूर्ण भरलं की चाळीस तासांच्या आसपास चालतं. म्हणजे हातानं चावी देण्याची सोय ते विसरले नव्हते. ती काढूनच तर बाकीचं इतक्या किमतीत बसलं. दाम परवडणारा हवा आणि महागड्या यंत्रातली एकेक सोयही हवी, असा हिशेब मांडणाऱ्यानं आधी दुकान चालवून पाहावं.

बरं, ज्यांना लष्कराचा दाखला हवाच आहे त्यांना एक आठवण करून देतो. जुन्या लष्करी मनगटी घड्याळांत ऑटोमॅटिक जवळजवळ नव्हतीच. ए-११ हाताच्या चावीचं. डर्टी डझन हाताच्या चावीची. एचएमटी जवान हाताच्या चावीचं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेनं तर प्लास्टिकच्या केसची, बिघडली की दुरुस्तीच्या भानगडीत न पडता फेकून द्यायची घड्याळं घेतली. सैनिकाच्या घड्याळात पिढ्यान्‌पिढ्या जपायचं काही असतं ही कल्पना आपली, म्हणजे बिनसैनिकी लोकांची. फौजेच्या भांडारात ती वस्तू बुटाच्या नाडीइतकीच भावनाशून्य होती. एक अपवाद टीकाकारांच्या बाजूनं आहे, तो मीच सांगतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं एक ऑटोमॅटिक सीको खूप चाललं. ते ६१०५, पाणबुड्यांचं, ४४ मिलिमीटरचं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटात कॅप्टन विलार्डच्या हातात तेच आहे. मोठं घड्याळ सैनिकाला आवडू शकतं, हे कबूल. पण ते त्यानं स्वतःच्या हौसेनं घेतलं होतं, सरकारनं दिलेलं नव्हतं, आणि ते स्वस्त फील्ड वॉचही नव्हतं.

आता क्वार्ट्‌झवाल्यांकडे वळू, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यात प्रामाणिक आहे. ते म्हणतात, सेलचं घड्याळ महिन्याला काही सेकंद चुकतं, तुमचं हे ऑटोमॅटिक दिवसाला वीस सेकंद इकडेतिकडे करतं, मग हा खटाटोप कशाला? अगदी खरं आहे. ब्रिटिश सैन्यालाही हे पटलं आणि १९८०पासून त्यांनी सीडब्ल्यूसी कंपनीची क्वार्ट्‌झ घड्याळं वाटायला सुरुवात केली. पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ खुद्द सीकोनंच २५ डिसेंबर १९६९ला विकायला काढलं होतं, हेही विसरून चालणार नाही. आज खरोखर रानात, चिखलात, गोळीबारात जाणारा माणूस जी-शॉकसारखं दणकट घड्याळ बांधतो आणि शहाणपणा करतो. मी त्याला ८०९ घाल असं कधीच सांगणार नाही.

पण हा मुद्दा चुकतो तो इथे: वीस सेकंद म्हणजे किती हे कोणी मोजत नाही. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यातले वीस म्हणजे शेकडा ०.०२३. तासाला २१,६०० झोके घेणारं एक बारीकसं चाक, सेलशिवाय, विजेशिवाय, फक्त तुमचा हात हलल्यावर भरलेल्या स्प्रिंगच्या जोरावर इतकं अचूक चालतं. वेळ सांगण्याचं सगळ्यात अचूक साधन हवं असेल तर वाद संपला, फोन पाहा. आपलं यंत्र आपल्या हातावर चालताना पाहण्याची, ते किती पुढे गेलं किती मागे पडलं हे ओळखीच्या माणसासारखं जाणण्याची हौस असेल, तर ती शंभर डॉलरच्या आत भागवणारी वस्तू जगात फारशी नव्हती. शिवाय घड्याळ रोज पुढे जात असेल तर रात्री तबकडी वर करून ठेवायचं की चावी वर करून, हे बदलत गेलं की फरक पडतो. कोणत्या स्थितीत ते वेगानं आणि कोणत्या स्थितीत संथ चालतं हे आठवडाभरात कळतं. आणि कोपऱ्यावरचा घड्याळजी मागचं झाकण उघडून एक बारीक काडी हलवून ते ताळ्यावर आणू शकतो.

घड्याळजींचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे या यंत्राच्या कुटुंबाची ओळख जुनी आहे. ७एस२६च्या आधीचं ७००९, त्याच्याही आधीची भावंडं इथे घरोघर होती. कोकणातल्या गावांत आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या बॅगेत सीको फाइव्ह असायचंच, आणि त्यांची वाराची चकती कधी अरबीतही सापडते. मुंबईहून जुन्या सीको आणि एचएमटी घड्याळांच्या तबकड्या नव्यानं रंगवून जगभर पाठवल्या जातात, परदेशी संग्राहक त्यांना नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्या रंगकामाची बाजू मी घेणार नाही. जुनी तबकडी पुसून नवी भासवणं ही लबाडीच. पण त्या लबाडीमागे एक गोष्ट सिद्ध होते. आतलं यंत्र इतक्या सहजपणे उघडता, धुता, जोडता येतं की पत्र्याच्या टपरीत बसलेला कारागीरही त्याला पुन्हा उभं करतो. महागड्या स्विस यंत्रांबद्दल हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

स्विस म्हटल्यावर शिडीवाल्यांचीही दखल घेतो. ही मंडळी ८०९ला ‘सुरुवातीचं घड्याळ’ म्हणतात. सुरुवात इथून करा, मग हॅमिल्टनच्या खाकी फील्डवर चढा, मग ट्यूडर, मग अमुक, मग तमुक. खाकी फील्ड ऑटो ३८ मिलिमीटरचं आहे, चांगलं घड्याळ आहे, ८० तास चालतं, मला आवडतं. पण त्याचं चाकही तासाला २१,६०० झोकेच घेतं, ८०९सारखेच. आणि ज्या अमेरिकी लँकेस्टर गावात हॅमिल्टन सुरू झालं तिथे त्यांची घड्याळं बनवणं कधीच थांबलंय. म्हणजे ‘अस्सलपणा’ चढत्या किमतीबरोबर आपोआप वाढतो असं मुळीच नाही. एखाद्याला पहिलं घड्याळच आयुष्यभर पुरलं तर शिडीवाल्यांना इतकं अस्वस्थ का वाटावं?

पाण्याबद्दल टीकाकार बरोबर आहेत आणि मी वाद घालणार नाही. या घड्याळाची पाण्यातली क्षमता ३० मीटर लिहिलेली आहे. याचा अर्थ ३० मीटर खोल पोहता येतं असा नव्हे. हात धुताना उडालेले शिंतोडे झेपतील, एवढाच. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये, रत्नागिरीला किंवा महाबळेश्वरला, ही सोय तोकडी आहे. ‘पाण्याला तोंड देईल’ हे १९६३चं वचन इथे काठावर पास होतं. तो कापडी पट्टाही चांगला नाही. नवा असताना कडक, घामानं भिजला की वास मारतो, आणि पहिल्या महिन्यातच बदलावा असा. हे दोष आहेत, आणि ‘लष्करी’ हा शब्द नसता तरीही दोषच असते.

उरले ८०९चे चाहते. त्यांचं माझ्याशी पटत नाही, आणि आता खरं नुकसान तेच करताहेत. हे मॉडेल सीकोनं बंद केलं. २०१९मध्ये ‘फाइव्ह स्पोर्ट्स’ नव्यानं आणताना कंपनीनं ४आर३६ हे यंत्र पुढे केलं, ज्याला हातानं चावी देता येते आणि ज्याचा सेकंदकाटाही थांबतो. त्यावर बेतलेली नवी फील्ड घड्याळं आली, आधी ३९.४ मिलिमीटरची, नंतर ३६च्या आसपासचीही, दोन्ही १०० मीटरची. म्हणजे टीकाकारांना हवं होतं ते सगळं कंपनीनं दिलं, आणि त्याचे पैसेही घेतले. पण लगेच बंद झालेल्या ८०९ला ‘दुर्मीळ’ असं लेबल लागलं आणि जुनी, वापरलेली घड्याळं मूळ किमतीच्या दुप्पट-अडीचपट दरानं विकली जाऊ लागली. चाहते तेही देतात, वर ‘लेजेंड’ म्हणतात. ज्या घड्याळाची सगळी बाजू त्याच्या किमतीवर उभी होती त्याला ही किंमत लावली की ३० मीटर, न थांबणारा सेकंदकाटा आणि वास मारणारा पट्टा हे सगळे आक्षेप एकदम खरे ठरतात. त्या पैशात नवं ३६ मिलिमीटरचं सीको घ्या. नाहीतर जुन्या बाजारातून रंगवलेली नसलेली तबकडी शोधून एचएमटी जवान घ्या आणि रोज सकाळी चावी देत बसा.